कावळा कोणाला शिवला होता

आमच्या घरात कॅलेंडरं दोन होती. एक बैठकीतल्या भिंतीवर टांगलेलं, बियाण्याच्या दुकानातून फुकट आणलेलं. आणि दुसरं म्हणजे मोठी माय. मोठी माय ही माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा लवकर गेले, तेव्हापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण घरातल्या दोघीतिघी आणि आमच्या पानमळ्यात कामाला येणाऱ्या सहा, अशा सगळ्या बायकांच्या तारखा तिला तोंडपाठ होत्या. कोणाला कावळा कधी शिवणार हे त्या बाईच्या आधी हिला कळायचं. 'उद्यापासून तुये दिवस हायेत, लोणच्याच्या बरणीले हात नोको लावजो,' असं ती माझ्या मायला सांगायची आणि माय मान खाली घालून हो म्हणायची.

कावळा शिवला म्हणजे काय ते आजकालच्या मुलींना सांगावं लागतं. बाईला महिना आला की ती तीन दिवस 'बाहेरची'. पडवीत वेगळ्या सतरंजीवर बसायचं, ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि कोणी विचारलं तर कावळा शिवला म्हणायचं. लहानपणी मला वाटे खरोखरचाच कावळा येऊन टोचून जातो. चांगली नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत मी अंगणातून डोक्यावर दोन्ही हात धरून पळत असे. पुढं मी मास्तरीण झाले आणि तीस वर्षं पोरींना फळ्यावर चित्र काढून समजावलं की बायांनो, यात विटाळ-बिटाळ काही नसतो. फार छान समजावत असे मी. हे लिहायला बसले ते मात्र वेगळ्या कारणासाठी. मी काही फार चांगली मुलगी नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

आमचं गाव जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या अंगाला, एस.टी. जिथून माघारी फिरते तिथलं. सगळीकडं ज्वारी आणि कापूस, पण ओढ्याच्या काठानं पानमळे. बाहेरून पाहिलं तर नुसतं शेवरीचं दाट रान दिसे. आत शिरलं की भर दुपारी अंगावर शहारा यावा असा गारवा, ओल्या मातीचा वास, आणि त्यात पानाचा तिखट वास मिसळलेला. एकेका शेवरीला धरून नागवेल वर चढलेली. नागवेल आमच्याकडं देवी. चप्पल कुंपणाबाहेर काढायची, आत थुंकायचं नाही, शिवी द्यायची नाही, आणि बाहेरच्या बाईनं तर वेलीवर सावलीसुद्धा पाडायची नाही. सावली पडली तर वेल करपते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळं घर त्या वेलीवर चालायचं. आमची भाकर, माझ्या शाळेची पुस्तकं, बाबांचा बाजारातला मान, सगळं त्या पानांवर उभं होतं.

मळ्याला लागून एक छपरी होती. तिथं बायका मांडी घालून पानं निवडायच्या. मोठं पान, मधलं, फाटकं, डाग पडलेलं असं वेगळं करायचं, गड्ड्या बांधायच्या, केळीची पानं घातलेल्या टोपल्यांत भरायच्या. पाणी शिंपडल्याचा सप्‌सप्‌ आवाज आणि बायकांच्या गप्पा, दिवसभर. त्या सहा जणींत गयामावशीचा हात सगळ्यात चलाख. ती आमची नात्याची कोणी नव्हे, पण मी जन्मले तेव्हापासून छपरीत होती. तिचा नवरा खामगावला एका जिनिंगात कामाला होता. कापसाच्या फुफाट्यानं छाती भरून गेली आणि तो खाटेवर येऊन पडला. घर तिच्या एकटीच्या हातावर. दुपारी ती फडक्यातली भाकर सोडायची, त्यावर ठेचा, फार तर एक कांदा. आमच्या घरी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर असली तरी मी छपरीत जाऊन तिच्यातला तुकडा मागून खायची. 'खाय माय,' म्हणायची, 'तुया तोंडाले गरिबाचं गोड लागते, नशीब मायं.'

तिचा पोरगा मधू. आमच्या गावातून खामगावच्या कॉलेजात गेलेला पहिला. तिथं लांबच्या मामाकडं राहून बारावी करत होता आणि त्याला मास्तर व्हायचं होतं. सुट्टीत आला की मायच्या बरोबरीनं मळ्यात राबायचा. वेली शेवरीला बांधायच्या, खुडलेली पानं छपरीत आणून टाकायची. रंगानं काळा, दात पांढरेशुभ्र, आणि बोलताना उगाच मान वाकडी करायची खोड. मी दहावीला होते. सुरुवात काय झाली, कशी झाली, हे मला आजही सांगता येत नाही. 'काय वं शकू, पानं खाऊन खाऊन तोंड काळं झालं तुयं,' असं तो एकदा म्हणाला. मी म्हणाले, 'तुयं तं पयलेच हाय, पान न खाता.' छपरीतल्या सगळ्या बायका हसल्या. तोही हसला, आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही. झालं, एवढंच.

नंतर त्यानं एक युक्ती काढली. नागवेलीच्या पानाच्या पाठीवर बाभळीच्या काट्यानं ओरखडा काढला की थोड्या वेळानं तो काळा पडतो. मळ्यातून पानांची टोपली आणताना एखाद्या पानावर तो काट्यानं काहीतरी लिहायचा आणि ते पान बरोबर माझ्यापुढं पडेल असं टाकायचा. कधी नुसतं 'श'. कधी 'वाचतेस का?' एकदा 'वेणी चांगली'. मी ते पान पाहायची आणि कोणी बघायच्या आत दुमडून तोंडात टाकायची. माझ्या आयुष्यात आलेली सगळी प्रेमपत्रं मी अशी खाऊन टाकली. चुना नाही, कात नाही, नुसतं तिखट पान. डोळ्यांत पाणी यायचं. गयामावशी म्हणायची, 'पोट्टीले पानाचं येसन लागलं काय वं!' तिला कळत होतं का? आता वाटतं, तिला पहिल्या पानापासून कळत होतं.

दिवाळीची सुट्टी संपत आली. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मधू खामगावला परत जाणार होता. तुळशीच्या लग्नाला घरात गडबड, ऊस, चिंचा-बोरं, बोळक्यांतल्या लाह्या. बाबा पानं घेऊन शेगावला गेलेले. दुपारी लाईन यायची होती, म्हणजे मोटर चालू होणार, आणि मळ्याला पाणी द्यायचं होतं. मोठी माय म्हणाली, 'शकू, तू जाय. लाईन आली का दांडाचं पाणी वेलीत सोडजो, खालचे चार वाफे ओले झाले का तोंड बंद करून पल्याडच्या मिरचीत फिरवजो. वेलीच्या बुडात पाणी थांबू नोको देऊ, आयकलं काय?' मी ऐकलं. ऐकलं आणि मनातून उड्या मारल्या, कारण मधू त्या दिवशी आत वेली बांधत होता हे मला ठाऊक होतं.

आणि त्याच सकाळी न्हाणीत मला कळलं होतं की मला कावळा शिवला आहे.

सांगितलं असतं तर पडवीत बसवलं असतं, मळ्यात दुसरं कोणी गेलं असतं, आणि मधू निघून गेला असता तो थेट उन्हाळ्यापर्यंत. मी सांगितलं नाही. जुन्या लुगड्याची घडी करून बांधली, वर हिरवा परकर नेसले आणि केस विंचरून निघाले. भीती वाटत होती का? हो, वाटत होती. कुंपणाशी चप्पल काढली. वेलीकडं पाहून मी हात जोडले आणि म्हणाले, माय, एक डाव माफ कर. आणि शिरले आत.

लाईन आली, मी पाणी सोडलं. मधू खालच्या कोपऱ्यात होता. आम्ही दांडाच्या, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या, काठावर बसलो, पाय पाण्यात सोडून, मध्ये दीड हात अंतर. हे एवढंच बसणं आम्हाला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं. त्यानं कॉलेजातल्या मास्तरांच्या नकला केल्या. मग मान वाकडी करून म्हणाला, 'मास्तरची नोकरी लागली का मी येईन तुया बाबापाशी. मागणी घालाले. हो म्हणतीन?'

'बाबा म्हणतीन,' मी म्हणाले. 'मोठी माय नाही म्हणन.'

'तिले एक मोठ्ठं कॅलेंडर घेऊन देऊ,' तो म्हणाला, आणि आम्ही तोंडावर हात ठेवून इतकं हसलो की वरचे पोपट उडाले. मग त्यानं माझा हात धरला. किती वेळ, कोण जाणे. मोटर बंद पडल्याचा आवाज आला, लाईन गेली होती, तेव्हा मी दचकून उठले. खालच्या वाफ्यांत शेवरीच्या बुडाशी पाणी नुसतं चकाकत होतं. पल्याडच्या मिरचीत एक थेंब गेला नव्हता. 'जिरते वं, जमीन हाय ते,' मधू म्हणाला. मीही तेच म्हणाले. मला वेगळ्याच पापाची भीती होती, पाण्याकडं कोण बघतो!

मळ्यातून बाहेर आले तर छपरीत गयामावशी एकटीच होती. बाकीच्या बायका तुळशीच्या लग्नासाठी लवकर घरी गेल्या होत्या. तिनं मान वर केली, माझ्या परकराकडं पाहिलं, आणि तिच्या हातातली गड्डी खाली पडली. मी मागं वळून पाहिलं. हिरव्यावर डाग ठसठशीत दिसत होता. ती उठली, डोक्यावरचा दुपट्टा सोडला, माझ्या कमरेभोवती गुंडाळून गाठ मारली. तेवढ्यात मधू आतून टोपली घेऊन येताना दिसला. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. 'नीट घरी जाय,' एवढंच म्हणाली. रागावली नाही. मला वाटलं होतं निदान एक शिवी तरी देईल.

घरी जाऊन मी सांगितलं, 'आत्ताच शिवला.' मोठी माय माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग सतरंजी काढून दिली. तुळशीचं लग्न मी पडवीतून ऐकलं.

दहा-बारा दिवस गेले असतील. एके सकाळी बाबा मळ्यातून आले ते चप्पल न काढताच ओट्यावर टेकले. खालच्या कोपऱ्यातल्या वेलींची पानं माना टाकल्यासारखी लोंबत होती. बुडाशी वेल काळी पडलेली. धरून ओढली की सरळ हातात यायची आणि सडका वास सुटायचा. चार वाफे, मग सहा, मग अर्धा मळा. लग्नसराई तोंडावर आलेली, व्यापाऱ्यांचे निरोप येत होते, आणि खुडायला पान नाही. घरात जेवणाच्या वेळी भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. माय चून-भाकर वाढायची, बाबा दोन घास खाऊन हात धुवायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांच्यासारखा माणूस, ज्याला पान हातात घेतल्याबरोबर कोणत्या वाफ्यातलं ते कळायचं, तो एका काळ्या पडलेल्या देठाकडं तासन्‌तास बघत बसायचा. मी त्यांना पाणी नेऊन द्यायची आणि मला वाटायचं, मीच मारलं. मी या माणसाला मारलं.

मग एक दिवस सकाळी मोठी मायनं सहाही जणींना अंगणात बोलावलं. गावातले दुसरे मळेवालेही दोघे-तिघे ओट्यावर येऊन बसले, कारण त्यांनाही धास्ती. मी दारात तांब्या घेऊन उभी. मोठी माय अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत म्हणाली, 'वेल उगीच करपत नाही. तुळशीच्या लग्नाच्या आगंमागं कोणीतरी बाहेरची बाई आत गेली.' एकेकीचं नाव घेऊन तिनं एकेकीला बाजूला केलं. शेवटी एकटी गयामावशी उरली.

'गये, या डाव तुये दिवस तुळशीच्या लग्नालेच येत होते. कवा चुकत नाहीत. या महिन्यात तू बाहेर बसली कवा?'

गयामावशीनं तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होती ती, अगदी ओठावर आलं होतं. मग तिची नजर दाराकडं आली. माझ्याकडं. मी तांब्या दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यातलं पाणी हलत होतं. आमच्या चुलतघरातली एक पोरगी नुसती एका पोराशी ओढ्यावर बोलताना दिसली म्हणून महिन्याच्या आत तिचं लग्न लावून दिलं होतं, दुप्पट वयाच्या माणसाशी. मला ते ठाऊक होतं आणि गयामावशीलाही. मी एक शब्द बोलायचा होता. 'मी' एवढाच. मी बोलले नाही.

'हाव, मोठी बाई,' गयामावशी म्हणाली. 'चुकलं मायं.'

ओट्यावरचे लोक हळहळले, बायका कुजबुजल्या. तिला मळ्याच्या दाराशी नेलं, नारळ फोडायला लावला आणि वेलीपुढं जमिनीवर नाक घासायला लावलं. बाबा म्हणाले, 'राहू द्या आता,' पण कोणी ऐकलं नाही. ती उठली तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्याला ओली माती लागली होती. तिनं ती पुसली नाही, तशीच घरी गेली. त्या दिवसापासून आमच्याच नव्हे, गावातल्या कुठल्याही मळ्याच्या छपरीत तिला पाय ठेवायला मनाई झाली. तिच्या हाताला पानाशिवाय दुसरं काम ठाऊक नव्हतं.

मोठी मायबद्दल एक सांगायला हवं. जी बाई नऊ जणींचे दिवस बोटांवर मोजायची, ती माझा दिवस मोजायला विसरली असेल का? तुळशीच्या लग्नाच्याच संध्याकाळी मी 'आत्ताच शिवला' म्हटलं होतं. मला आता खात्री आहे की तिला कळलं होतं आणि तिनं घरची पोरगी वाचवली. पण तिच्यावर ढकलून मी सुटत नाही. ती काय बोलली याचा जाब तिचा. मी काय बोलले नाही याचा जाब माझा.

मधूला निरोप पोचला तसा तो आला. कॉलेज सोडलं, वडलांना आणि मायला घेऊन खामगावला जायचं ठरवलं. ज्या जिनिंगात बापाची छाती गेली तिथंच त्याला काम मिळणार होतं. ते निघाले त्या दिवशी मी शाळेला जायच्या निमित्तानं एस.टी.च्या थांब्यावर गेले. बापाला गाडीत बसवून मधू खाली उतरला आणि पाण्याच्या टाकीमागं आला. त्याचा चेहरा महिन्याभरात मोठ्या माणसाचा झाला होता.

'शकू, एक इचारतो. खरं सांगजो.' तो जमिनीकडं बघत होता. 'माय म्हणते तिची चूक झाली. मले काही समजून नाही राह्यलं. त्या दिवशी मळ्यात तू बी होती. तुले तं... तू तं बाहेरची नव्हती ना?'

आजूबाजूला कोणी नव्हतं. मोठी माय नव्हती, ओट्यावरचे लोक नव्हते. ज्याच्यावर माझा जीव होता तो माणूस समोर उभा राहून विचारत होता, आणि मी हो म्हटलं असतं तर त्यानं कोणाला सांगितलंही नसतं. मला ते ठाऊक होतं. पण मला वाटलं, हो म्हटलं तर हा माझ्याकडं पुन्हा कधी तसं बघणार नाही.

'नाही,' मी म्हणाले.

त्याचा माझ्यावर विश्वास होता. लगेच पटलं त्याला. 'मंग मायनंच केलं,' तो म्हणाला आणि दात आवळले. 'तीन दिवस घरी बसली असती तं काय मरत होती? सारं वाटोळं केलं मायं.' कॉलेजात गेलेला असला तरी तोही शेवटी आमच्याच गावचा. गाडीनं हॉर्न वाजवला. खिडकीत गयामावशी बसली होती, तिनं माझ्याकडं पाहून हात हलवला. मधूनं वळून पाहिलं नाही. तो गाडीत मायच्या शेजारची जागा सोडून मागं जाऊन बसला.

आमचा मळा गेला तो गेलाच. बाबांनी तिथं कापूस लावला. आता शेतीत राम नाही, पोरगी आपल्या पायावर उभी राहू दे, असं म्हणून त्यांनी मला डी.एड.ला घातलं. म्हणजे मास्तर व्हायचं होतं मधूला आणि झाले मी. लग्न झालं, नवरा भला माणूस मिळाला, एक मुलगा झाला. कावळ्या-बिवळ्यावर माझा विश्वास उरला नाही, आणि खरं सांगते, त्याचा मला फार आधार होता. मी खोटं बोलले ते वाईटच, पण माझ्या जाण्यानं वेल काही मेली नाही, असं मी मनाला सांगत असे. माझा मुलगा शेतकी शिकला. एकदा सुट्टीत आला असताना मी त्याला सहज म्हणून तो सगळा आजार सांगितला. काळं पडलेलं बूड, सडका वास, खालच्या कोपऱ्यातून सुरुवात. तो चहाचा कप ठेवत म्हणाला, 'मूळकूज, आई. पाणी साचलं असणार. नागवेलीच्या बुडाशी पाणी तुंबलं की संपलं.' मी उठून स्वयंपाकघरात गेले. लाईन जाईपर्यंत चालू राहिलेली ती मोटर मला पुन्हा ऐकू येत होती. विटाळानं नाही तर नाही, पण वेल माझ्याच हातून मेली होती.

मधू मला पुन्हा भेटला तो पेन्शनच्या कागदांपायी. खामगावला कॉलेजासमोर झेरॉक्सचं दुकान, काउंटरवर पांढऱ्या केसांचा माणूस, मान वाकडी करून कागद मोजत होता. 'शकू?' म्हणाला. मग घरी नेलं. बायको, सुना, नातवंडं. आणि आतल्या खोलीत खाटेवर नव्वदीला टेकलेली गयामावशी. बाकीचे चहाच्या गडबडीत होते. मी तिचे पाय धरले आणि म्हणाले, 'मावशी, त्या दिवशी तू माझं पाप आपल्या अंगावर घेतलं.'

ती हसली. तोंडात दात नव्हता. 'काहाचं पाप वं. मले तं कावळा शिवाचं बंद होऊन तवा दोन वर्सं झाल्ती.'

मग तिनं हळूहळू सांगितलं. नवऱ्याला दर महिन्याला जळगाव जामोदच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. रजा मागितली तर मोठी माय देत नव्हती. 'कावळ्याले मातर कोणी नाही म्हणत नव्हतं. मंग मी दर महिन्याले तीन दिवस कावळा शिवला म्हणत जावो आन् मधूच्या बापाले दवाखान्यात नेवो. त्या महिन्यात त्याले जरा बरं होतं, म्हनून नाही घेतले दिवस. तथीच सापडली.'

'मग सांगायचं ना तसं! अंगणात सगळ्यांसमोर!'

'सांगतलं असतं तं त्यायनं इचारलं असतं, मंग कोण? मंग तू. आन् तुयासंगं माया मधू.' ती जरा थांबली. 'तुया हातातला तांब्या हालून राह्यला होता, पोरी.'

मी विचारलं, मधूला हे ठाऊक आहे का? तिनं मान हलवली. खामगावला आल्यावर दोन वर्षं तो तिच्याशी बोलला नाही. एका खोलीत राहून. ती ताट वाढायची, तो खाऊन जिनिंगात जायचा. बाप गेला त्या दिवशीही तिच्याशी नाही बोलला. 'मंग झालं हळू हळू बरं. आता काहाले उकरतं? त्याचं बरं चालू हाय.' मी लगेच बरं म्हणाले. मला तेच ऐकायचं होतं. चहा प्याले, नातवंडांच्या हातात खाऊ दिला आणि शेगावच्या गाडीनं परत आले.

गेल्या हिवाळ्यात गयामावशी गेली. तेरवीला मी गेले. दुपारी पंगती उठल्या, लोक पांगले, मधू गच्चीच्या जिन्यावर एकटाच बसला होता, मुंडण केलेलं डोकं, हातात विड्याचं पान, नुसतंच धरलेलं. मी एक पायरी खाली बसले. मध्ये दीड हात अंतर. मी त्याला सगळं सांगितलं. परकर, दुपट्टा, तांब्या, टाकीमागचं माझं 'नाही', मोटर, पाणी, आणि दोन वर्षं आधीच उडून गेलेला मावशीचा कावळा. थांबले नाही, रडले नाही. रडण्याचा हक्क नव्हता मला.

मला वाटलं आता चिडेल, ऊठ म्हणेल, चालती हो म्हणेल. तेच बरं झालं असतं.

'मायले सारं माईत होतं?' त्यानं विचारलं.

'हाव.'

त्यानं हातातलं पान उलटं केलं, त्याच्या पाठीवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि तसंच ठेवलं. मग माझ्याकडं पाहून, अगदी त्या टाकीमागच्या आवाजात, खरंच उत्तर हवं असल्यासारखं म्हणाला, 'मंग मी तिच्यासंगं दोन वर्सं काऊन नाही बोललो, शकू?'